पवनचक्क्या वस्तीला खेटून बसल्यात, तब्येतीवर खरंच परिणाम होतो का?

शेतवस्ती_पाटोदा:

नमस्कार मंडळी. पाटोदा तालुक्यात माळावर आमची वस्ती आहे, गावापासून बरीच आत, तीन घरं, सगळे भाऊबंदच. दोनेक वर्षांत आमच्या डोंगरपट्ट्यात पवनचक्क्यांची रांगच लागलीय, बीड-धाराशिवकडच्यांना ते सांगायची गरज नाही. सगळ्यात जवळचा टॉवर गूगल मॅपवर मोजला तर घरापासून साडेतीनशे मीटर भरतोय, दुसरा पाचशेच्या पुढं आहे.

दिवसा काही वाटत नाही, ट्रॅक्टर, पाण्याची मोटार, पोरांचा गोंधळ यात तो आवाज जिरून जातो. पण रात्री नऊ-दहाला गार पडलं की सूंऽऽप सूंऽऽप सुरू. खाली झाडाचं पान हलत नसतंय आणि वर पातं फिरायलंय. आबा सत्तरीच्या पुढचे, रात्रभर कूस बदलतेत आणि सकाळी डोकं धरून बसतेत. माय म्हणायलीय छातीत धडधडतंय, कानात गुणगुण होतेय. घर पत्र्याचं आहे, तर तिचं म्हणणं पत्राच घुमायलाय. आणि हिवाळ्यात दिवस मावळायच्या टायमाला पात्याची सावली नेमकी ओसरीत येते, चुलीपुढं भाकरी थापताना परातीवर उजेड-अंधार उजेड-अंधार चालू असतंय, घरातली वैतागून दारच लावून घेते.

आता बायकोला पाचवा महिना चालू आहे आणि वस्तीवर येणारा प्रत्येक जण काहीतरी नवीन सांगून जातोय. एक म्हणतो पवनचक्कीजवळ गर्भ टिकत नाही, दुसरा म्हणतो गाई आटतेत, व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरायलाय त्यात ऐकू न येणारा आवाज मेंदूत शिरतो असं सांगितलंय. पाऊस पळवतेत हे तर सगळ्यांना पाठच झालंय. कंपनीच्या माणसाला विचारलं तर तो हसतो, "काय होत नाही हो, हवाच आहे ती." ज्यांच्या रानात टॉवर त्यांना पैसे मिळाले, ते म्हणतेत आम्हाला तर गाढ झोप लागती. आम्हाला रुपया नाही, रस्ता मात्र आमच्या बांधावरून गेला.

म्हातारी माणसं आणि बायकोला गावात खोली करून ठेवावं का? जनावरं सोडून सगळ्यांना जाता येत नाही. कुणाला खरं माहीत असेल तर सांगा. राजकारण अन् खंडणीचं नको, ते टीव्हीवर बघून बघून कंटाळा आलाय.

गेवराईचा_गडी:

काही होत नसतंय दादा. मी साईटवर ड्रायव्हर होतो, रोज टॉवरच्या सावलीत बसून डबा खायचो, धडधाकट आहे. मोबाईलचे टॉवर आले तेव्हा पण असंच, चिमण्या मेल्या, कॅन्सर होतो, आता तोच मोबाईल उशाला घेऊन झोपतेत. ज्याला भाडं मिळत नाही त्याचंच डोकं दुखतं.

शेतवस्ती_पाटोदा:

दुपारी डबा खाणं वेगळं अन् तिथं रात्र काढणं वेगळं भाऊ. या एकदा मुक्कामाला.

डॉ_अंबाजोगाईकर:

गेवराईच्या भाऊंनी टोमणा मारलाय पण त्यात अर्धं खरं आहे, ते शेवटी सांगतो.

आधी दोन आवाज वेगळे करू, कानाला ऐकू येणारा आणि न येणारा. लोकांना भीती घातली जाते दुसऱ्याची आणि त्रास होतो पहिल्याचा.

ऐकू न येणारा म्हणजे वीस हर्ट्झच्या खालचा, इन्फ्रासाउंड. पवनचक्कीतून तो निघतो, खोटं नाही, पण नुसत्या वाऱ्यातूनही निघतो आणि काच खाली करून जीप पळवली तरी निघतो. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी मोजक्या कुटुंबांना फोनवर प्रश्न विचारून "विंड टर्बाइन सिंड्रोम" असं नाव काढलं, तुलनेला लांब राहणारी माणसं घेतलीच नाहीत, आणि तुमच्या व्हॉट्सॲपवरच्या व्हिडिओचं मूळ बहुतेक तेच. नंतर याची नीट तपासणी झाली. फिनलंडमध्ये सरकारनं अभ्यास करवला, २०२० ला निकाल आला. घरांमध्ये कित्येक महिने मोजणी करून तोच आवाज प्रयोगशाळेत लोकांना दिला, त्यात "आम्हाला पवनचक्कीनं आजारी केलं" म्हणणारेही होते. इन्फ्रासाउंड चालू आहे का बंद हे कुणालाच ओळखता आलं नाही. सिडनीत आवाजाला हळवी असलेली ३७ माणसं सलग ७२ तास त्यात ठेवली, २०२३ ला छापून आलं, ना झोप बिघडली ना रक्तदाब हलला. आणि न्यूझीलंडमधला प्रयोग तर मला सगळ्यात बोलका वाटतो. ज्यांना आधी घाबरवणारे व्हिडिओ दाखवले त्यांना लक्षणं जाणवायला लागली, खऱ्या इन्फ्रासाउंडमध्येही आणि "चालू आहे" असं खोटंच सांगितलं तेव्हाही. म्हणून तो व्हिडिओ मायला परत दाखवू नका, औषधाइतकंच महत्त्वाचं आहे हे.

आता ऐकू येणारा. हा खरा विषय आहे आणि कंपनीवाला तो हसण्यावारी नेत असेल तर चूक आहे. रात्री टपटपणारा नळ बादलीभर पाण्याच्या आवाजापेक्षा जास्त छळतो, तसंच या सूंप-सूंपचं. एकसारखा आवाज मेंदू सोडून देतो, वरखाली होणारा सोडत नाही. कॅनडाच्या आरोग्य खात्यानं १,२३८ लोकांचा अभ्यास केला, २०१४ ला निष्कर्ष जाहीर झाले. मनगटावर यंत्र लावून झोप मोजली, ती आवाजाच्या पातळीबरोबर बिघडताना दिसली नाही, आजारही वाढलेले दिसले नाहीत, पण चिडचिड, वैताग मात्र आवाजाबरोबर सरळ वाढत गेला. आणि जी माणसं जास्त वैतागलेली होती त्यांच्यात डोकेदुखी, चक्कर, कानात आवाज, वाढलेला रक्तदाब हे सगळं जास्त सापडलं. म्हणजे पातं थेट आजार देत नाही, पण वैताग फुकट जात नाही. डेन्मार्कमध्ये तर देशभरातली माणसं तपासली, घराबाहेर रात्रीचा आवाज ४२ डेसिबलच्या वर असलेल्या घरांत झोपेच्या गोळ्या जास्त घेतल्या जात होत्या, आणि ६५ च्या पुढच्या लोकांत हा फरक सगळ्यात ठळक होता. तुमचे आबा त्याच वयाचे. त्यांना उगाच कुरकुर करतेत म्हणून गप्प करू नका.

बायकोबद्दल निर्धास्त राहा. त्याच डेन्मार्कमध्ये १९८२ ते २०१३ च्या बाळंतपणांची नोंद तपासली, वेळेआधी जन्म किंवा कमी वजन याचा पवनचक्कीच्या आवाजाशी संबंध निघाला नाही. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी करा, लोहाच्या गोळ्या चुकवू नका, हिमोग्लोबिन बघा. आपल्याकडं बाळाचं वजन कमी भरायला रक्त कमी असणं हे मोठं कारण आहे, पातं नाही.

सावलीचा त्रास आहे पण तिच्यानं फिट येत नाही. फिट यायला उजेड सेकंदाला तीनच्या वर वेळा लुकलुकावा लागतो. या मोठ्या पवनचक्क्या मिनिटाला दहा-पंधरा फेऱ्या मारतात, पाती तीन, म्हणजे सेकंदाला एक सावलीसुद्धा पुरती होत नाही. जर्मनीत सावलीला वर्षाला ३० तास आणि दिवसाला ३० मिनिटं अशी मर्यादा पाळतात, म्हणजे तिकडंही लोकांना ती खपत नाही.

आणि सगळ्यात आधी काय करायचं तर आबा आणि माय दोघांचा बीपी मोजा. मायला धडधड आहे तर ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन. कानात मळ आहे का बघून घ्या. माझ्या दवाखान्यात पवनचक्कीचं नाव सांगत आलेल्या पेशंटमध्ये बीपी वाढलेली माणसं निघालीत, वर्षभर सगळं खापर पंख्यावर फुटत होतं आणि गोळी कुणी चालू केली नव्हती.

गेवराईच्या भाऊंचं अर्धं खरं ते हे. नेदरलँड्समधल्या अभ्यासात ज्यांना पवनचक्कीतून उत्पन्न होतं त्यांना तेवढ्याच आवाजाचा त्रास जवळजवळ नव्हता. पण त्याचा अर्थ बाकीचे ढोंगी असा नाही. न विचारता दारात आणून ठेवलेली गोष्ट जास्तच टोचते, आणि टोचलं की झोप जाते ती खरीच जाते.

भूमची_सून:

दादा आमचं पण असंच आहे म्हणून लिहिते. आमच्याकडं खव्याच्या भट्ट्या, दुधावर घर चालतं त्यामुळं गाई आटतेत ऐकल्यावर माझ्या सासऱ्याचा तर जीवच गेला होता, पण दूध काही कमी झालं नाही, जे कमी झालं ते काम चालू असताना झालं. तेव्हा सुरुंग लावायचे, रात्री-अपरात्री पात्यांचे लांबलचक ट्रेलर यायचे, मुरमाच्या रस्त्याची धूळ कडब्यावर बोटभर बसायची, गाय तो कडबा तोंडात घ्यायची अन् टाकून द्यायची. माझ्या पोराला खोकला त्या वर्षी हटलाच नाही. त्याबद्दल कुणी बोलत नाही, सगळे पंख्याबद्दलच बोलतेत. पाणी मारायला लावायचं होतं आम्ही रस्त्यावर, कुणाला सुचलंच नाही, ज्यांच्याकडं आता काम चालू आहे त्यांनी टँकर मारायला लावा.

पाऊस पळवतेत म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा, २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्याला पुरानं धुऊन नेलं तेव्हा पवनचक्क्या काय सुट्टीवर होत्या का. ढग किती वर अन् पातं किती खाली. आपल्याकडं पाऊस कमी कारण आपण सह्याद्रीच्या पलीकडं पडलो, हे शाळेत पण शिकवतेत.

झोपेचं म्हणाल तर डॉक्टरसाहेबांशी मी सहमत, फक्त एक, सगळे म्हणतेत सवय होते. मला झाली, नवऱ्याला झाली, सासूबाईंना अजून नाही. आम्ही त्यांची खाट पत्र्याच्या खोलीतनं काढून जुन्या माळवदाच्या खोलीत टाकली, मातीच्या जाड भिंती आहेत, पवनचक्कीकडची खिडकी विटांनी बुजवली, फरक पडला. टेबल फॅन पण लावतेत, गार असलं तरी भिंतीकडं तोंड करून, त्या घरघरीत तो आवाज दबतो. तुमच्याकडं जुनी खोली असेल तर गावात भाडं भरायच्या आधी ते करून बघा. सावलीला आम्ही त्या बाजूनं शेडनेट बांधलंय, हिवाळ्यापुरतं.

टर्बाइन_मेस्त्री:

मी टेक्निशियन, साताऱ्याला वनकुसवडेच्या पठारावर, साक्रीकडं धुळ्यात, आता आपल्याच भागात. कंपनीचं नाव घेणार नाही, नोकरी आहे. आत काय चालतं ते सांगतो, मग तुमचा आवाज कुठला ते तुम्हालाच ओळखता येईल.

सूंप-सूंप येतो तो पात्याच्या टोकाचा, हवा कापण्याचा. मोठ्या मशीनचा आवाज वर नॅसेलपाशी, म्हणजे पात्यामागच्या डब्यापाशी, १०५ डेसिबलच्या आसपास असतो, खाली येता येता साडेतीनशे मीटरवर चाळीशीत येतो. ऐकायला कमी वाटतं, पण तुमच्या माळावर रात्री नुसती शांतता त्याहून खालची असती म्हणून तो उठून दिसतो. अन् तुम्ही म्हणता ना खाली पान हलत नाही वर पातं फिरतंय, ते एकदम बरोबर पकडलंय. थंडीत आणि उन्हाळ्यात निरभ्र रात्री जमीन गार पडते, खालची हवा जागेवर थिजते आणि वर सव्वाशे मीटरवर वारा जोरात चालूच असतो. खाली पानांची सळसळ नाही, त्यामुळं आवाज झाकायला काही नाही, आणि तो लांबपर्यंत खाली वाकून येतो. पावसाळ्यात मशीन सगळ्यात जास्त पळतं पण तेव्हा खाली पण वारा असतो म्हणून त्रास कमी वाटतो. बघा तुमचं तसं आहे का.

बाकीचे आवाज हे बिघाड असतेत आणि ते दुरुस्त होतेत. शिट्टी वाजली तर पात्याला वीज पडून भोक पडलेलं असू शकतं, आपल्याकडं मे-जूनमध्ये विजा काय कमी पडतेत का, नाहीतर पात्याची कड झिजलेली. करकर, किंचाळल्यासारखं वारा बदलताना आलं तर वरचं डोकं वळताना ब्रेक घासतोय. एका सुरात हूंऽऽ चालू असेल, पातं थांबलं तरी, तर तो खालचा ट्रान्सफॉर्मर किंवा कूलिंग फॅन. मायला पत्रा घुमतोय वाटतंय तर पातं बंद असलेल्या रात्री पण घुमतोय का ते बघा. घुमत असेल तर ते पातं नाही.

आणि कुणी सांगणार नाही ते सांगतो. आताच्या बहुतेक मोठ्या मशीनमध्ये आवाज कमी करायचा मोड असतो. रात्री ठरावीक वेळेत, वारा ठरावीक दिशेचा असला की पाती सावकाश फिरवायची, वीज थोडी कमी बनते. युरोपात बऱ्याच ठिकाणी घराजवळच्या मशीनना हे लावायला लागतं. पात्याच्या मागच्या कडेला दातेरी पट्ट्या चिकटवतेत, त्यानं पण आवाज उतरतो. सावलीसाठी पण सेटिंग असतं, ठरावीक मिनिटं थांबवायचं. म्हणजे "काहीच करता येत नाही" असं साईट इंजिनिअर म्हणाला तर तो एक तर नवीन आहे नाहीतर तुम्हाला टाळायलाय.

वकील_कळंब:

वैद्यकीय माझं क्षेत्र नाही, अंतराचं बोलतो. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय, आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून कुठल्याही राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत पवनचक्की उभारू नये. तुमचं साडेतीनशे. म्हणजे तुमची केस आजाराची नाही, अंतराची आहे, आणि ती जास्त सोपी आहे.

अडचण कुठं येते ते सांगतो, मराठवाड्यात हे सगळीकडं झालंय. सर्व्हे करणारा गावठाण बघतो. गावठाणापासून किलोमीटरभर लांब, कागद ओके. शेतवस्तीवरचं घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठला लागलेलंच नसतं, सातबाऱ्यावर जिरायत म्हणून पडलेलं असतं, मग कागदावर तिथं माणूसच राहत नाही. तुम्ही पिढ्यानपिढ्या राहत असाल तरी. म्हणून पहिलं काम, घर टॉवरच्या आधीचं आहे याचा पुरावा जमवा. जुनं लाईट बिल, नमुना आठचा उतारा असेल तर सोनं, नसेल तर रेशनकार्ड, मतदार यादी, घरकुलाचे कागद. गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं दिसतात, टॉवर नाही पण घर आहे असं वर्ष शोधा आणि प्रिंट काढा.

ध्वनिप्रदूषणाच्या बाजूनं फार आशा ठेवू नका. २००० च्या नियमांप्रमाणं राहत्या भागात रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल ही मर्यादा, पण नियम ७ खाली तक्रार करायला आवाज मर्यादेच्या १० डेसिबल वर जावा लागतो, म्हणजे ५५. पवनचक्की तुमच्या अंतरावर तिथपर्यंत सहसा जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये युरोपसाठी पवनचक्कीच्या आवाजाला दिवसरात्र मिळून ४५ ची सरासरी सुचवली, ती आपल्याकडं कायदा नाही, तरी अर्जात लिहायला हरकत नाही. त्यात आपल्याकडं पवनऊर्जा "पांढऱ्या", म्हणजे जवळजवळ प्रदूषण न करणाऱ्या उद्योगांच्या वर्गात बसवलीय, प्रदूषण मंडळाची संमती लागत नाही, पर्यावरण परिणामाचा अभ्यास लागत नाही. प्रकल्प यायच्या आधी तब्येतीबद्दल विचारायची जागाच कुठं ठेवलेली नाही, मला तरी हीच खरी खोट वाटते.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं द्या, महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, पोच घ्या. ग्रामसभेचा ठराव जोडा. मागणी "टॉवर पाडा" अशी करू नका, कुणी पाडत नाही. अंतराची मोजणी सरकारी माणसाकडून, आणि मेस्त्री म्हणतात ते रात्रीचं सेटिंग, हे मागा.

शेतवस्ती_पाटोदा:

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. आबांना काल उपकेंद्रावर नेलं, बीपी १७०/१०० निघाला, नर्सताई ओरडल्या इतके दिवस काय करत होता म्हणून. उद्या डॉक्टरकडं. मायचा ईसीजी तिथंच करून घेतो. गावातल्या खोलीचं आबांना विचारलं तर म्हणाले गावात गटारी अन् डास, मी इथंच बरा, मग सध्या त्यांची खाट कोठीच्या खोलीत टाकायचं ठरलंय, तिला दगडी भिंत आहे. लाईट बिल २०११ पासूनची सापडली, चुलत्यानं पेटीत जपून ठेवली होती.

मेस्त्री, काल रात्री ध्यान देऊन ऐकलं. सूंप-सूंप बरोबर मधनंच बारीक शिट्टी येतेय, प्रत्येक फेरीला एकदाच. तीन पात्यांपैकी एकालाच असावी असं वाटतंय. हे बिघाडात धरायचं का? आणि मोबाईलवर डेसिबलचं ॲप टाकलंय, ते ३८ दाखवतंय, अर्जाला जोडू का?

टर्बाइन_मेस्त्री:

ॲपचा आकडा जोडू नका, मोबाईलचा माईक बोलण्यासाठी बनवलेला असतो, रात्रीच्या बारीक आवाजाला तो भरवशाचा नाही. सरकारी मोजणी झाली अन् वेगळा आकडा आला तर तुमचंच म्हणणं पातळ होईल. मोबाईलवर नुसतं रेकॉर्डिंग करा, तारीख-वेळ बोलून, म्हणजे शिट्टी तरी ऐकवता येईल.

फेरीला एकदा शिट्टी म्हणजे एकच पातं, बिघाडातच धरा. हे कंपनीला पण नको असतं, भोक वाढलं तर पातं बदलायला लागतं आणि ते लई महागात पडतं, त्यामुळं आरोग्याच्या अर्जाला उत्तर यायच्या आधी याला माणूस येईल. टॉवरच्या दारापाशी मशीनचा नंबर रंगवलेला असतो, त्याचा फोटो काढा, कोणत्या तारखेपासून शिट्टी येते ते लिहा आणि साईट ऑफिसला ईमेल करा, फोन नको, फोनची नोंद राहत नाही. पातं दुरुस्त करणारे दोरीवाले वर चढले की त्याच दिवशी इंजिनिअरला गाठून रात्रीच्या मोडचं विचारा, तो साईटवर असेल, एरवी सापडत नाही.